रात्री किती वेळा?

सईला डायबेटिस झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यानंतरच्या वर्षभरात ग्वेल्फमधल्या, टोरांटोतल्या आणि फोनवरून नाशिकमधल्या माणसांनी आम्हाला जे प्रश्न विचारले, ते मी अजून पाठ म्हणून दाखवीन. गोड फार खायची का? तुमच्याकडे कुणाला आहे? नितीनकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, कुणाला आहे? कारल्याचा रस देऊन पाहिलात का? विचारणाऱ्यांचा जीव तुटत असायचा, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती.

त्या वर्षी गणपतीला आमच्या मंडळाने कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. आरती झाली, जेवणाची रांग लागली. मी सईला घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी बसले आणि तिचं बोट टोचलं. तेव्हा टोचल्याशिवाय शुगर कळायची नाही. समोर एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ हातात रिकामी प्लेट घेऊन उभे होते. ते सरळ बघत होते. लोक अशा वेळी नजर वळवतात, यांनी वळवली नाही. आकडा आला, मी वहीत लिहिला, इन्सुलिनच्या इंजेक्शनला सुई बसवली. तोवर ते उभेच.

मग त्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा?"

"काय?"

"रात्री किती वेळा उठून राहिली तू?"

मी म्हटलं, "दोनदा. कधीकधी तीनदा. म्हणजे तसं काही ठरलेलं नसतं."

"कधीकधी म्हणजे आठवड्यातून किती?"

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मी त्या चपलांच्या ढिगाशेजारी बसून रडायला लागले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही की 'होईल सगळं ठीक' म्हटलं नाही. ते म्हणाले, "रडून घे. पण पोट्टीचं जेवण थांबून राहिलं न. मी तिची प्लेट आणतो. तू डोस दे."

हे डॉक्टर मधुकर देवपुजारी. आमच्या मंडळात सगळे त्यांना देवपुजारीकाका म्हणत. नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजातून शिकून ते एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी ग्वेल्फला आले. कोंबड्यांच्या खाद्यावर पीएचडी केली आणि निवृत्त होईपर्यंत इथेच कोंबड्यांवर संशोधन करत राहिले. चाळीस वर्षांत कॅनडाने त्यांचे केस नेले, गुडघे नेले, पण त्यांच्या नागपुरीला हात लावला नाही. इंग्रजीही ते नागपुरीच बोलत. सईने पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, "आर यू अ डॉक्टर?" ते म्हणाले होते, "येस. चिकन डॉक्टर." सई विचारात पडली आणि म्हणाली, "लाइक, नगेट्स?" यावर ते इतके हसले की हातातल्या प्लेटमधली कोशिंबीर सांडली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली असत. पेन कधीच नाही. उणे वीसमध्ये कोंबड्यांच्या शेडकडे चालत जाताना पेनातली शाई गोठते, पेन्सिल गोठत नाही, एवढंच त्याचं कारण. शेड सुटून दहा वर्षं झाली होती, तरी ग्रोसरीच्या दुकानातसुद्धा ते पेन्सिल काढून केळ्यांचं वजन लिहून घेत. काही शब्दांशी त्यांचं उघड वैर होतं. 'बरेचदा', 'साधारण', 'जरा', 'तसं काही नाही' हे त्यांच्यासमोर उच्चारायचे नाहीत. "बरेचदा म्हणजे किती? कोंबडी बरेचदा अंडं देते, असं मी थीसिसमध्ये लिहिलं असतं तर मला कोणी डिग्री दिली असती का?"

लोक काकांकडे एका फॉर्मसाठी येत, तो काय होता ते आता सांगते. कॅनडात टॅक्सखात्याचं एक सर्टिफिकेट असतं. अपंगत्वाचं, असं सरळ मराठीत म्हणायला मला तेव्हा जड जायचं. ते डॉक्टर भरून देतात. मंजूर झालं की आईबापांना टॅक्समध्ये सवलत मिळते, आणि मूल लहान असेल तर दर महिन्याला थोडी मदत सुरू होते. सईसारख्या मुलांसाठी तेव्हा अट अशी होती, की जीव टिकवणाऱ्या उपचारावर आठवड्याला सरासरी चौदा तास तरी गेले पाहिजेत. मुलाला स्वतःचं स्वतः करता येत नसेल तर आईबापांचा वेळ धरतात. पण सगळा नाही. काय धरायचं आणि काय नाही, याचे नियम आहेत. ते नियम काकांनी कुणाचा तरी प्रबंध तपासावा तसे वाचले होते, समासात खुणा करून. ज्या घरात असं मूल असे, त्या घरी कुणी ना कुणी सांगे, देवपुजारींना फोन करा.

आम्ही त्यांना भेटण्याआधीच एकदा अप्लाय केलं होतं आणि नकार आला होता. त्यात चूक कुणाची म्हणायची तर आमचीच. सईच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, रोज किती वेळ जातो? मी म्हटलं होतं, एक तास, फार तर सव्वा. तसं त्यांनी लिहिलं. मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तेवढाच वाटत होता.

त्या वेळी मी एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये फुल टाइम काम करत होते. दिवसभर नमुने तपासायचे, बाटल्यांवर लेबलं लावायची. एका आठवड्यात मी दोनदा चुकीची लेबलं लावली. सुपरव्हायझर भली बाई होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही अडचण आहे का?" मी म्हटलं, तसं काही नाही. आणि त्याच संध्याकाळी सईला शाळेतून घेऊन येताना, लाल सिग्नलला गाडी उभी असताना, मला झोप लागली. मागच्या गाडीच्या हॉर्नने जाग आली. मागच्या सीटवरून सई म्हणत होती, "आई, इट्स ग्रीन. आई. आई."

नितीनला हे मी सांगितलं नाही. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी दोघं या. चार वाजता."

काकांचं स्वयंपाकघराचं टेबल म्हणजेच त्यांचं ऑफिस. चहा ते स्वतः करत आणि वाईट करत. नलिनीकाकू, त्यांच्या पत्नी, बुटक्या, गोल चेहऱ्याच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. आम्ही बसलो की त्या सईला घेऊन बेसमेंटमध्ये पत्ते खेळायला जात.

नितीन आल्यापासून ताठ बसला होता. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "काका, मी स्पष्ट बोलतो. माझ्या मुलीच्या नावापुढे डिसेबल्ड हा शब्द मला नको आहे. ती सॉकर खेळते. वर्गात पहिली आहे. एकदा तो शिक्का बसला की बसला."

मला वाटलं, आता काका समजूत घालतील. त्यांनी फॉर्म उलटा करून नितीनपुढे सरकवला. "नितीनराव, वाचा. यात पोट्टी हुशार आहे का, खेळते का, हे कुठं विचारून राहिले? ते एवढंच विचारतात, हिला जिवंत ठेवायला तुम्हा दोघांना किती वेळ लागते. लागते की नाही लागत?"

नितीन वाचत राहिला.

"लागतो," तो म्हणाला.

"किती?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. काकांनी लगेच पेन्सिल टेबलावर आपटली. "तिकडं नका पाहू. ती सांगणार नाही. तिला माहीत नाही."

"तिलाच तर माहीत आहे सगळं. ती करते."

"म्हणूनच माहीत नाही. जो करते, त्याले मोजता येत नाही. हात गुंतलेले असतात. तुम्ही मोजायचं. सात दिवस, चोवीस तास. सुट्टी काढा नाहीतर काही करा. रात्री ती उठली की तुम्ही उठायचं. तिला मदत नाही करायची, फक्त लिहायचं. किती वाजता, काय केलं, किती मिनिटं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू याला उठवायचं नाही. आठवण करायची नाही. याला दिसलं तर दिसलं."

नितीन गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होता. तो थोडा दुखावून म्हणाला, "काका, असे चार्ट मी रोज भरतो."

"मग तर सोपं आहे. तिथं कोणता पार्ट किती वाजता तपासला ते लिहिता. घरी काहून नाही लिहिलं आतापर्यंत?"

परत येताना नितीनच्या खिशात काकांनी दिलेली पेन्सिल होती.

पहिल्या रात्री नितीन बाराच्या तपासणीला उठला, तीनच्या वेळी घोरत होता. दुसऱ्या रात्री त्याने दोन्ही वेळचे अलार्म लावले. उठला, दारात उभा राहून लिहिलं आणि झोपायला गेला. सईची शुगर बरी होती, मीही झोपले. तिसऱ्या रात्री तिची शुगर खाली गेली. सव्वादोनला मी ज्यूस पाजला. अर्धवट झोपेत असलेल्या पोरीला ज्यूस पाजणं म्हणजे काय असतं ते सांगून कळत नाही. गालात धरून ठेवते, मग सगळं उशीवर येतं. पुन्हा पाजायचं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचायचं. अजून खालीच. पुन्हा ज्यूस, पुन्हा पंधरा मिनिटं. मग आकडा वर आला तरी मी लगेच जात नसे. पलंगाशेजारी खाली बसून तिच्या कपाळावर हात ठेवायचे, घाम येतोय का ते बघायला. हे मी कधी ठरवून सुरू केलं नव्हतं.

मान वर केली तेव्हा नितीन दारात नव्हता, खोलीत माझ्या शेजारी बसला होता. कागद मांडीवर होता. पेन्सिल हातात होती, पण तो लिहीत नव्हता.

"हे रोज करतेस?"

"खाली गेली की."

"मी विचारतोय, हे असं बसणं. रोज?"

मी हो म्हटलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तू जा. मी बसतो." काकांचा नियम त्याने तिथे मोडला. ही नोंद मात्र कुठेच नाही.

रविवारी पुन्हा ते टेबल. सात दिवसांचे सात कागद. काकांनी चष्मा बदलला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. वाचता वाचता खोडायलाही लागले. दवाखान्यात जाण्यायेण्याचा वेळ खोडला. स्वयंपाक खोडला.

"काका, सगळं वजन करून शिजवावं लागतं!" नितीन म्हणाला. आता तो माझ्यापेक्षा जास्त भांडत होता.

"लागते. पण नियमात बसत नाही. जे बसत नाही ते एक मिनिट नाही लिहायचं. एक मिनिट खोटं निघालं की बाकीचे तास कोणी वाचत नाही."

बुधवारच्या कागदावर खाली एक ओळ होती. 'काळजी: रात्रभर.' काका त्या ओळीपाशी थांबले. बराच वेळ थांबले. 'बराच' म्हटलेलं त्यांना चाललं नसतं, पण मी काही घड्याळ पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "हे बी नाही बसत, नितीनराव. यांच्याजवळ याचा कॉलम नाही." आणि त्यांनी ती ओळ खोडली, पण इतकी हलकी, की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

सगळं खोडून बेरीज सोळा तासांच्या वर गेली. डॉक्टरीणबाईंनी ते कागद शेवटपर्यंत वाचले. म्हणाल्या, हे मला आधी दाखवायला हवं होतं. नवं पत्र लिहिलं. फेरविचाराचा अर्ज गेला. थंडी संपत आली होती तेव्हा मंजुरीचं पत्र आलं. मी लॅबमध्ये तीन दिवसांचं काम मागून घेतलं. नितीनने तीनची तपासणी स्वतःकडे घेतली आणि ती पुढे अनेक वर्षं त्याचीच राहिली. माझ्या सासूबाईंना फोनवर त्याने सांगितलेलं मी ऐकलं, "नाही, रात्री मी उठतो. ती झोपलेली असते." त्याच्या आवाजात चक्क मिजास होती.

पत्र आलं त्या आठवड्यात आम्ही चौघांचं आणि सईचं जेवण करून काकांकडे घेऊन गेलो. भरली वांगी, भाकरी, आणि काकांना आवडतो म्हणून ठेचा. जेवताना नितीनने विचारलं, "काका, एक सांगा. बापानेच लिहायचं, हा नियम कुठून आला? गाइडमध्ये तर नाही."

काका भाकरी मोडत होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तूच सांग."

"मी काहून सांगू?" काकू म्हणाल्या. "फॉर्म तुम्ही भरला होता."

मग दोघांनी मिळून सांगितलं. त्यांची मुलगी मीनल. जन्माच्या वेळी श्वास अडकला आणि मेंदूला मार बसला. ती स्वतः कूस बदलू शकत नव्हती. दर दोन तासांनी तिला वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. खोकला आला तर बसवावं लागे, नाहीतर घुसमटे. हे सगळं काकू करत. काकांना पहाटे शेडवर जायचं असे, म्हणून ते खाली बेसमेंटमध्ये झोपत. ती लहान असताना प्रांताची एक छोटीशी मदत होती, घरी सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी. त्याचा फॉर्म आला. इंग्रजी काकांचं चांगलं, म्हणून तो काकांनी भरला. त्यात एक प्रश्न होता, मुलीची रात्र कशी जाते?

"मी लिहिलं," काका म्हणाले, "शांत झोपते. त्रास नाही. सुंदर अक्षरात लिहिलं. मी खोटं नव्हतो बोलत. खाली मला काही ऐकूच येत नव्हतं."

अर्थातच काही मिळालं नाही. काकूंना हे तेव्हा माहीत नव्हतं. तीन वर्षांनी कपाट आवरताना त्यांना त्या फॉर्मची प्रत सापडली.

"भांडलात?" मी काकूंना विचारलं.

"कुठलं भांडते. शक्ती कुठं होती?" काकू म्हणाल्या. "यांची ती कोंबड्यांची वही होती. ती आणून मीनलच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, आज इथं बसा. इथलं लिहा."

"बसलो," काका म्हणाले. "एक रात्र लिहिलं. दुसऱ्या रात्री हात चालेना." ठेचा तिखट होता, पण त्यांचे डोळे ठेच्याने भरले नव्हते. "नितीनराव, माझ्या शेडमध्ये रात्री दोन वाजता किती टेंपरेचर असते, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. दिवे कधी मंद करायचे, कोणती कोंबडी कधी झोपते. शंका आली तर रात्री दोन वाजता बर्फातून गाडी काढून मी शेडवर जाऊन येत होतो. आणि माझ्याच घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत..."

काकूंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "त्यानंतर नाही झोपले हो खाली. एवढं सांगा की त्यांना. पुढं मी पहाटेपर्यंत झोपायची."

त्या दिवसानंतर माझी त्यांच्याशी ओळख वाढली. मीनल तेव्हा तिशी ओलांडलेली होती आणि ग्वेल्फमध्येच एका ग्रुप होममध्ये, तिच्यासारख्या आणखी चौघांबरोबर राहत होती. दर रविवारी सकाळी काका-काकू तिथे जात. मी दोनतीनदा त्यांना सोडायला गेले. दारातून आत शिरल्या शिरल्या काका ड्यूटीवरच्या बाईंना विचारत, "लास्ट नाइट, हाऊ मेनी टाइम्स?" त्या हसत आणि वही पुढे करत. सही केलेली, वेळा लिहिलेली. काका ती पूर्ण वाचत. मग मीनलच्या खुर्चीजवळ बसून तिला आठवड्याच्या बातम्या सांगत. कुणाच्या ड्राइव्हवेवर किती बर्फ पडलं, ते फावड्याने उपसताना कोण पडलं, मंडळाच्या मीटिंगमध्ये कोण कुणावर ओरडलं. मीनलला शब्द येत नव्हते. पण काका नागपुरीत कुणाला शिव्या घालायला लागले की ती खळखळून हसे, आणि मुलीला हसवायला म्हणून काका आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना दर रविवारी जे काय काय म्हणत, ते इथे लिहिता येणार नाही.

काका सगळ्यांनाच आवडत असं नाही. टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटनचे एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, मुलाला दम्याचा त्रास. ते येतानाच तक्ता भरून, छापून घेऊन आले होते. रंगीत. आठवड्याला बावीस तास. काकांनी विचारलं, "मंगळवारी रात्री दोन वाजता काय केलं?" ते म्हणाले, "तेच, नेब्युलायझर." "मुलगा कोणत्या कुशीवर होता?" त्यांना सांगता येईना. काकांनी कागद घडी करून परत दिला. "घरी जा. सात रात्री जागा. मग या. जेवढं असेल तेवढं लिहू. कमी भरलं तर कमी." ते गृहस्थ रागावून गेले आणि पुन्हा आले नाहीत. मी म्हटलं, "काका, जरा गोड बोलायचं." ते म्हणाले, "खरोखर बसला असता तर त्याचाच फायदा होता." ते फॉर्मबद्दल बोलत नव्हते, हे मला कळायला काही वर्षं गेली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं. मग ब्रॅम्पटनला महिन्यातून एकदा लायब्ररीच्या खोलीत अशा मुलांचे पालक जमत, तिथे त्यांना मी घेऊन जाऊ लागले. तिथे बहुतेक पंजाबी कुटुंबं असत. काका हिंदीत बोलत, तेही नागपूरचंच. अशाच एका शनिवारी हरप्रीत नावाची एक तरुण बाई आली. वेअरहाऊसमध्ये दिवसपाळी करत होती. बरोबर तिची सासू होती, आणि सासूच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी, जसलीन. तिला झोपेत फिट्स येत. नवरा ट्रक चालवायचा. आठवड्यातले पाच-सहा दिवस तो अमेरिकेच्या रस्त्यांवर.

"बेटा, रात को कितनी बार?" काकांनी विचारलं.

"कुछ खास नहीं, अंकल जी," हरप्रीत म्हणाली. "सो जाती है. कभी-कभी उठना पड़ता है."

तिचे डोळे खोल गेले होते. बोलताना ती टेबलाला धरून बसली होती. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखी पेन्सिल आपटली नाही.

"बाप लिखेगा," ते म्हणाले. "सात दिन."

"वो तो घर पे होते ही नहीं, अंकल जी."

"छुट्टी?"

तिने मान हलवली. नवरा कामावर नवीन होता, सुट्टी मागितली तर कामच जाईल. सासू म्हणाली, "मैं लिख देती जी, पर मैंनू लिखणा नहीं आंदा."

काकांचा नियम इथे चालत नव्हता, आणि दुसरा नियम त्यांच्याजवळ नव्हता. जसलीन आजीच्या मांडीवरून त्यांच्या खिशाकडे हात करत होती. त्यांनी एक पेन्सिल काढून तिला दिली, टोकाची बाजू आपल्या मुठीत धरून. मग सासूबाईंना विचारलं, "आपके घर में एक खाट है क्या?"

गाडीत बसल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही ऐंशीला आलात. सात रात्री जागणार? परक्यांच्या घरी?"

"दिवसा झोपीन न. मला कोणतं ऑफिस आहे?"

"आणि काकू?"

"तिला विचारतो."

काकूंना मी त्याच संध्याकाळी फोन केला. मला वाटलं होतं, त्या मोडता घालतील. पण त्या म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना, वृंदा. गोळ्या मी डब्यात वारांप्रमाणे लावून देते. आणि त्या बाईला सांग, बारानंतर यांना चहा द्यायचा नाही, दूध द्यायचं."

पुढच्या रविवारी मीनलला भेटून झाल्यावर दुपारी मी त्यांना घेऊन निघाले. एप्रिल होता. कडेचं बर्फ वितळून शेतं काळी, ओली दिसायला लागली होती. ते वाटभर फिट्सबद्दल वाचलेलं सांगत होते. कोणती झोपेच्या सुरुवातीला येते, कोणती पहाटे, त्यानंतर किती वेळ मुलाजवळ बसावं लागतं. त्यातलं काय धरता येईल आणि काय नाही.

ब्रॅम्पटनमधल्या त्या रस्त्यावर सगळी घरं सारखी. हरप्रीतच्या दारासमोर लहान मुलीची तीनचाकी सायकल आडवी पडली होती. मी डिकी उघडून त्यांची छोटी बॅग काढली. ती त्यांनी मला उचलू दिली नाही. दार वाजवायच्या आधीच उघडलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, डोक्यावर ओढणी, कडेवर जसलीन. मागे हरप्रीत होती, कामावरच्या जॅकेटमध्ये. त्या दिवशी रविवारीही ती ओव्हरटाइम करून आली होती. सासूबाईंनी काकांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाल्या, "आओ जी, वीर जी, आओ."

काका पायरीवर वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. वेळ लागत होता. सासूबाई 'रहने दो, रहने दो' म्हणत होत्या, पण ते ऐकेनात. दोन्ही बूट काढून त्यांनी भिंतीला लावून नीट जोडीने ठेवले, गुडघ्याला धरून उभे राहिले, आणि हरप्रीतला म्हणाले, "बेटा, पहले तू मुझे उसका कमरा दिखा. फिर तू जा के सो जा."

हरप्रीतने जिन्याकडे हात केला. काका कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, वर निघाले. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. जिन्याच्या वळणावर ते थांबले, श्वास घेतला, आणि वर गेले.